फ्यूजच्या जागी तार

गाडी सुरू झाली की पहिली फेरी मी मारणार होते. हे मी मागून घेतलं नव्हतं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एक गाडी जोडत होतो. पाइपांची चासी, फायबरची बॉडी, दोन सीट, वर छत नाही. हे सगळं सुटं-सुटं पेट्यांतून आलं होतं, सोबत जोडणीची एक पुस्तिका. इंजिन मात्र आपलं आपण शोधायचं होतं. आम्ही ते मोडीत निघालेल्या एका लहान कारमधून काढलं. कॉलेज जालन्याच्या बाहेर, मोकळ्या माळावर आहे. वर्कशॉपचं पत्र्याचं शेड दुपारी इतकं तापायचं की पाना हातात धरवत नसे.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं होतो. एकाच्या वडिलांचा सळईचा कारखाना होता. पेट्या त्यांच्याच ट्रकमधून आल्या, म्हणून त्याला कुणी न निवडता तो कॅप्टन झाला आणि सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे. दुसरा जुन्या जालन्यातला. त्याच्या अब्बांचं गेट-ग्रिल बनवायचं दुकान होतं, त्यामुळं वेल्डिंगचं सगळं काम त्याच्याकडं. त्याला आम्ही भाई म्हणायचो. तिसरी मी. माझं गाव केदारखेड्याच्या फाट्यावरून आत. आमच्या घरात मेंढरं विकून शेती करायला लागलेला पहिला माणूस म्हणजे माझे आजोबा, आणि कॉलेजात आलेली पहिली मी. मेकॅनिकलला मुली थोड्या. ग्रुप पाडताना मी उरले, म्हणून सरांनी मला या दोघांत टाकलं. कॅप्टन म्हणाला, "सर, आम्ही दोघं पुरे आहोत." मी तिथंच उभी होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, पण हळू आवाजात म्हणाला नाही.

गाडी बाकी जुळत आली तरी इंजिन काही सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन दोन गचके द्यायचं आणि गप्प. कारण कळायला आम्हाला बराच वेळ लागला. मूळ गाडीत पेट्रोल ओढायचा पंप इंजिनलाच बसवलेला होता. इंजिन फिरलं की त्याची दांडी हलायची आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. पण त्याच्या आतलं रबर वाळून कडक झालं होतं, आणि आमच्या गाडीत पाइपाची वाटही वाढली होती. इंजिन पुढं, टाकी सीटच्या मागं, खाली. पुढं पेट्रोल पोचतच नव्हतं.

सर म्हणाले, "हा काढून टाका. विजेवर चालणारा पंप बसवा." मग आमच्या तिघांकडं बघून म्हणाले, "जो कुणी इंजिनापर्यंत पेट्रोल पोचवेल, डेमोच्या दिवशी पहिली फेरी त्याची."

मी म्हणाले, "सर, मी बसवते."

कॅप्टन हसला. "बसव की. विहिरीची मोटर बसवायची सवय आहेच तुला."

तो माझं नाव घेत नसे. त्या दिवसापासून मी मोटर झाले. "ए मोटर, पाना दे." "मोटर, लाइट आली नाही का आज?" हळूहळू वर्गातले बाकीचेही म्हणायला लागले. मला वाईट वाटायचं, पण त्यांना ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी ओ द्यायची.

मला ट्रॅक्टर येतो. गावात नांगरट, पेरणी मी केली आहे. पण ट्रॅक्टरवर मला बघून आमच्याकडं कुणाला काही वाटत नाही. ही गाडी वेगळी होती. लाल, बुटकी, सीटमध्ये बसलं की ढुंगण जमिनीला टेकल्यासारखं वाटणारी. तिची चाकं मी नटापासून आवळली होती. मला ती चालवायची होती. एवढंच. या एका गोष्टीसाठी मी पुढचं सगळं सोसलं, असं आता लिहिताना वाटतं. तेव्हा सोसतेय असंही वाटत नव्हतं.

पंप लहान होता, तळहातात मावणारा. अंगावर एक बाण, पेट्रोल कुठून कुठं जाणार ते दाखवणारा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हा पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. म्हणून तो टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली बसवायचा. हे मला लगेच पटलं. आमची विहिरीची मोटरही आम्ही काठावर ठेवत नाही, आत टप्प्यावर, पाण्याजवळ ठेवतो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये फिल्टर टाकला. पंपाखाली रबराचे बूट घातले, नाहीतर त्याचा थरथराट सगळ्या चासीला लागतो. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब, चासीच्या दुसऱ्या अंगानं नेला आणि वितीवितीवर क्लिपा मारल्या. अर्थिंगच्या जागी चासीचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. बॅटरीपासून निघालेल्या वायरीत, अगदी बॅटरीजवळच, फ्यूज. वायर चासीच्या पोलादी पट्टीतून आरपार जात होती. त्या भोकाला मी रबराची चकती बसवली, धारेनं वायर कापू नये म्हणून.

हे काम मी गाडीखाली पाठीवर झोपून करत होते. एकदा मी पुढच्या पाइपाचं तोंड हातात धरून क्लॅम्प कुठं आवळायचा ते बघत होते. वर कॅप्टन होता. मी म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर दे ना."

त्यानं चावी फिरवली.

पंप टकटक करायला लागला आणि पेट्रोल थेट तोंडावर आलं. डोळे मिटायलाही वेळ मिळाला नाही. नाकात, तोंडात, केसांत. मी बाहेर यायला गेले तर कपाळ चासीवर आपटलं.

"अरे, चालतोय की पंप!" वरून आवाज आला. "टेस्टिंग झालं!"

भाई धावत बाटली घेऊन आला. "आँख मसलू नको! मसलू नको बिलकुल! पाणी मार, जल्दी!" त्यानं माझ्या डोळ्यांवर पाणी ओतलं. ओतता ओतता कॅप्टनला म्हणाला, "पागल है क्या तू? वेल्डिंग चालू असतं तर?"

"नव्हतं ना चालू," कॅप्टन म्हणाला. त्याच्या हातात मोबाईल होता. मी रांगत बाहेर येते, डोळे लाल, केसांतून पेट्रोल ठिबकतंय, हे सगळं त्यानं काढलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, मोटर आली, पाणी आलं. सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. न टाकलं असतं तर मला राग आलाय असं दिसलं असतं.

हॉस्टेलवर डोकं किती वेळा धुतलं तरी वास जात नव्हता. पण त्या वासातही मला पंपाचा आवाज आठवत होता. तो आधी भराभर वाजतो, टकटकटकटक, आणि कार्बोरेटर भरत आला की सावकाश होतो, टक... टक. पोट भरलेल्या जनावराच्या रवंथासारखा. दुसऱ्या दिवशी पाइप जोडला, चावी फिरवली, आवाज सावकाश होऊ दिला आणि स्टार्टर मारला. इंजिन लागलं. शेड धुरानं भरलं. भाईनं मला टाळी दिली. कॅप्टननं अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघितला आणि काहीच बोलला नाही. तो काही बोलला नाही म्हणून मला किती आनंद झाला होता.

डीपीची गोष्ट मी त्या आठवड्यातच सांगितली. जेवायच्या सुट्टीत आम्ही शेडच्या सावलीत बसलो होतो. भाईनं विचारलं की फ्यूज एवढ्या बॅटरीजवळ कशाला, सीटखाली ठेव की, बदलायला सोपा. मी सांगितलं की वायरीला काही झालं तर पहिला फ्यूज उडाला पाहिजे, म्हणून तो उगमाशी. आणि मग, कशी कोण जाणे, मी गावाकडचं बोलायला लागले. आमच्याकडं डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्स्फॉर्मरच्या पेटीचा, फ्यूज उडाला की लाइनमनची वाट कुणी बघत नाही. पाणी द्यायची वेळ टळून जाते. मग फ्यूजच्या जागी कुणीतरी तार टाकतं. जाड तार टाकली की पुन्हा उडायची भीती नाही.

"कुणीतरी म्हणजे कोण?" कॅप्टननं विचारलं.

"आमचे आबा," मी म्हणाले. "माझे वडील. आमच्या शिवारात तेच टाकतात. लोक बोलवायला येतात."

हे मी जरा अभिमानानंच म्हणाले असेन. गावात आबांना कुणी फार विचारत नाही. पंचायतीत नाही, देवळाच्या कामात नाही. पण डीपी बंद पडली की मोठमोठे बागाईतदार आमच्या अंगणात येऊन उभे राहतात, "आबा, चला की जरा, तार टाकून द्या." मग आबा रबरी चपला घालतात, कोरडी काठी घेतात, आधी दांडा ओढून पुरवठा तोडतात आणि वीसजण लांब उभे राहून बघत असताना तारेचे पेड पिळतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी अरेतुरे बोलत नाही.

"म्हणजे फ्यूज काढून डायरेक्ट तार?" कॅप्टन म्हणाला. "आणि मग जळत नाही काहीच?"

"कधीकधी ट्रान्स्फॉर्मर जळतो."

तो हसून हसून मागं पडला. "वा! फ्यूज वाचवायला ट्रान्स्फॉर्मर जाळायचा! परत सांग ना. काठी कशी धरतात?" मी दाखवलं. त्यानं अजून दोघांना बोलावलं आणि मला पुन्हा दाखवायला लावलं. मी पुन्हा दाखवलं.

डेमोला कुणाच्या घरच्यांना यायचं असेल तर येऊ द्या, असं सर म्हणाले होते. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "म्या येऊन काय करू माय? मला काय कळतंय त्यातलं." मी म्हणाले, मी गाडी चालवणार आहे, सगळ्यात पहिली. मग म्हणाले, "यीन मंग."

डेमोच्या आदल्या दिवशी कॅप्टननं फायबरची बॉडी चढवली. ती एका जागी नीट बसेना. माझी रबराची चकती आडवी येत होती. त्यानं ती काढून टाकली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी टाकी साफ करत होते. बॉडी बसली, छान दिसली, फटीतून वायर दिसत नव्हती, सर खूश झाले.

सकाळी मी चावी फिरवली तर पंप दोनदा टकटकला आणि बंद. फ्यूज उडालेला. दुसरा घातला. तोही उडाला. मी म्हणाले, वायर कुठंतरी चासीला लागतेय, बॉडी काढून बघावं लागेल.

"बॉडी काढणार? आत्ता?" कॅप्टन म्हणाला. "तासाभरानं सगळे येतील."

"पण फ्यूज उगाच उडत नाही."

"तुझे आबा येणार आहेत ना? बस स्टँडवर वाट बघत असतील. तू जा, घेऊन ये. आम्ही बघतो."

आबांना शहरात रस्ता सापडत नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. मी भाईला म्हणाले, वायर बघा, आणि फ्यूज त्याच मापाचा घाला. तो म्हणाला, "हो गं, तू जा." मी रिक्षानं गेले.

आबा स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. धुतलेलं पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवीत आईनं दिलेली धपाटी होती, "तुह्या दोस्तांसाठी." रिक्षात ते मला म्हणाले, "तिथं काय बोलायचं असतंय?"

"काही नाही. तुम्ही फक्त बघा."

"कुणी इचारलं तर?"

"विचारलं तर बोला."

परत आलो तर गाडी शेडबाहेर उभी होती आणि पंप वाजत होता. टक... टक. कॅप्टन आबांच्या पाया पडला. खरंच पडला. "काका, तुमची मुलगी म्हणजे आमचा आधार आहे." आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते मला बघवलं नाही, म्हणून मी कॅप्टनला विचारलं, "काय झालं होतं?"

"काही नाही. फ्यूजच खराब होता. नवा घातला."

भाई गाडीपलीकडं वाकून काहीतरी आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. मी बॉडी काढून बघायला हवी होती असं नंतर बरेचजण म्हणाले. पण सर आले होते, दुसऱ्या वर्गांतली मुलं गोळा झाली होती, आणि मला सीटवर बसायचं होतं.

सर म्हणाले, "आधी जागेवर सुरू ठेवा. दहा मिनिटं. मग फेरी." मी स्टार्टर मारला. इंजिन एका झटक्यात लागलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या. मी मागं वळून आबांना बघितलं. ते सरांच्या शेजारी, पिशवी छातीशी धरून उभे होते.

मग मला वास आला. पेट्रोलचा नाही. प्लास्टिक जळण्याचा. सीटच्या मागून, टाकीच्या बाजूनं, बारीक पांढरा धूर वर येत होता. मी चावी बंद केली आणि उडी मारली. तोवर बॉडीच्या फटीत पिवळी जीभ दिसली. कुणीतरी किंचाळलं. भाईनं बॅटरीची वायर उपटली आणि अग्निशामक नळकांडं उचलून सगळी पावडर आत मारली. लाल गाडी पांढरी झाली. बस, एवढंच. कुणाला काही झालं नाही. पेट्रोलचा पाइप जळाला नाही, कारण तो दुसऱ्या अंगानं नेला होता.

बॉडी उतरवली. पट्टीच्या भोकापाशी वायर कापली गेली होती आणि तिथून मागं बॅटरीपर्यंत तिचं कव्हर वितळून गेलं होतं. सरांनी बॅटरीजवळची फ्यूजची डबी उघडली. आत फ्यूज नव्हता. तांब्याच्या तारेचे पाच-सहा पेड एकत्र पिळून घातलेले होते.

सरांनी ते बोटांत धरून वर केलं. "हे कुणी केलं?"

त्यांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"टाकी भरलेली आहे. इथं माणसं उभी आहेत. कुणी केलं हे?"

"सर," कॅप्टन म्हणाला, "आम्ही टीम आहोत, एकट्या कुणावर ढकलायचं नाही. पण वायरिंग सगळं हिचं आहे." मग पुढं म्हणाला, "गावाकडं असंच करतात ना सर. फ्यूज उडाला की तार. तिनंच सांगितलं होतं. मुद्दाम नसेल केलं."

मागच्या मुलांत कुणीतरी म्हणालं, "मोटरनं डीपी केली." हसण्याची एक लाट आली आणि सरांनी बघितल्यावर बसली.

मी सांगायला तोंड उघडलं. सर, मी स्टँडवर गेले होते. एवढंच वाक्य होतं. पण त्याआधीच आबा पुढं आले. टोपी सारखी केली, आणि ज्या आवाजात ते डीपीखाली उभे राहून बोलतात त्या आवाजात म्हणाले,

"बराबर हाय सर त्याचं. तार टाकल्याबिगर चालतच न्हाई. फ्यूज काय, घडीघडी उडतो. आमच्या सगळ्या शिवाराला म्याच तार टाकून देतो. पोरीला ल्हानपणीच शिकवलंय म्या. तिनं टाकली आसंल तर नीटच टाकली आसंल."

त्यांना धूर दिसला होता, पण तो तारेमुळं आला हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, सर विचारतायत हे कसब कुणाचं.

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बरेचजण. आबाही जरासे हसले.

भाई पुढं आला होता. त्याच्या हातांना पांढरी पावडर लागली होती. "सर, वो तार ना..." तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. तो सांगणार होता. त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं की त्यानं कॅप्टनला पेड पिळताना बघितलंय.

मी मान हलवली. नको.

का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो बोलला असता तर सरांनी आबांना समजावून सांगितलं असतं की तार टाकणं किती चुकीचं, किती धोक्याचं, माणसं कशी मरतात. सर समजावून सांगतात तेव्हा फळ्यावर काढून सांगतात. त्या सगळ्या मुलांसमोर. आबांनी मान डोलावत ऐकलं असतं. आणि पुढं कधी अंगणात लोक आले असते तर... मला एवढं सगळं त्या क्षणी सुचलं असेल असं नाही. मला फक्त ते ऐकायचं नव्हतं. गाडी चालवण्यापेक्षाही ते ऐकायचं नव्हतं.

"काय ते तार?" सरांनी भाईला विचारलं.

"काढून टाकतो, सर," भाई म्हणाला.

सर माझ्याजवळ आले. हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू हुशार आहेस असं मला वाटलं होतं. इंजिनीयरिंगला येऊनही माणूस तिथंच राहतो." मग म्हणाले, "तू गाडीला हात लावू नकोस आता."

भाईनं नवी वायर ओढली. मी लांबूनच त्याला म्हणाले, भोकातून नेऊ नको, वरून ने. त्यानं वरून नेली. फ्यूज घातला, खरा. बॉडी न चढवता, उघड्या सांगाड्यावरच सरांनी फेरीला परवानगी दिली. कॅप्टन सीटवर बसला. चावी फिरवली. माझा पंप भराभर वाजला, मग सावकाश झाला. इंजिन लागलं.

सरांनी दुसरं, भरलेलं नळकांडं माझ्या हातात दिलं. "निदान हे धरून उभी राहा."

कॅप्टननं शेजारची सीट थोपटली. "काका, या! तार टाकणाऱ्यांचा मान पहिला!"

पोरं ओरडली, "काका! काका! काका!" आबांनी माझ्याकडं बघितलं, जाऊ का, असं. मी मान हलवली, जा. त्यांनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा, शेजारीशेजारी, माझ्या पायांपाशी, आणि अनवाणी गाडीत चढले. कॅप्टननं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं मोबाईल वर धरून स्वतःला आणि आबांना त्यात घेतलं. आबा टोपी दाबून धरून हसत होते. गाडी मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, धुरळा उडवत परत आली. कॅप्टननं अजून एक फेरी मारली. प्रत्येक वेळी समोरून जाताना आबा मला हात करत होते. माझ्या हातात नळकांडं होतं, म्हणून मला करता येत नव्हता.

तो व्हिडिओ संध्याकाळच्या आत ग्रुपवर आला. तो मी बघितला नाही. काय लिहिलं होतं ते लोकांनी मला सांगितलंच.

गाडी थांबली तेव्हा आबांच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं होतं. पोरं त्यांच्याशी हात मिळवत होती, आणि ते प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होते. पिशवी उघडून त्यांनी कॅप्टनला पहिलं धपाटं दिलं. मग माझ्याकडं आले.

"लई भारी चालती माय. बूड निस्तं भुईला घासून राह्यलं." ते अजून हसत होते. "आता तुहा नंबर ना? म्या हितं उभा राहून बघतो."

मागं सर गाडी आत घ्यायला सांगत होते. भाई चाकापाशी बसून आमच्याकडं बघत होता.

"माझा झाला, आबा," मी म्हणाले. "सकाळीच झाला. तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी एक चप्पल पायात घातली. दुसरी घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. हसू जरा ओसरलं होतं.

"मंग थांबायचं न्हाई का जरा माह्यासाठी?" ते म्हणाले. "म्या त्याच्यासाठीच तर आल्तो."